दहा सेकंदांची विश्रांती

अमेरिकन फुटबॉलमधली एक चाल पाच-सहा सेकंदांत संपते. शिट्टी वाजते, ढिगाऱ्याखालचे खेळाडू उठून उभे राहतात आणि चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघासाठी 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्या वेळात पुढची चाल सुरू करायची. पूर्वी बहुतेक संघ या वेळात गोल करून उभे राहायचे, काय करायचं ते कानात सांगायचे, मग रांगेत यायचे. त्या गोलाला हडल म्हणतात. पण 40 सेकंद वापरलेच पाहिजेत असं नियम म्हणत नाही. चिप केली यांच्या ऑरेगन विद्यापीठाने 2009 नंतर हडल जवळपास सोडूनच दिला. मैदानाकडेला चित्रांचे फलक उंच धरायचे, खेळाडूंनी तिथूनच इशारा घ्यायचा आणि समोरच्याने श्वास घेण्याआधी चेंडू मागे द्यायचा. चाल सुरू करणाऱ्या या कृतीला स्नॅप म्हणतात.

यात बचावफळीची खरी कोंडी खेळाडू बदलताना होते. आक्रमण करणाऱ्या संघाने माणूस बदलला, तर पंच चेंडूवर उभा राहून बचावफळीलाही बदलाची संधी देतो. आक्रमणाने कोणालाच बदललं नाही, तर पंच थांबत नाही. म्हणजे दमलेला 130-140 किलोचा बचावपटू बाहेर काढायचा असेल, तर तो धावत बाहेर जाईपर्यंत स्नॅप होणार नाही याची खात्री नसते. मग तो आतच राहतो. पुढच्या चालीलाही, त्याच्या पुढच्या चालीलाही.

फेब्रुवारी 2014 मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या फुटबॉल नियम समितीने एक प्रस्ताव मांडला. 40 सेकंदांपैकी पहिले 10 सेकंद चेंडू स्नॅप करायचा नाही. तेवढ्यात बचावफळीने हवे ते बदल करावेत. दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटं याला अपवाद. कारण दिलं होतं खेळाडूंच्या सुरक्षिततेचं, आणि या कारणाला वजन होतं, कारण त्या वर्षी नियमांचं नेहमीचं चक्र नव्हतं आणि सुरक्षिततेशी संबंधित बदलच विचारात घेता येत होते. अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्सॉचे ब्रेट बीलेमा या दोन नामवंत प्रशिक्षकांनी समितीसमोर जाऊन वेगवान खेळाबद्दलची चिंता मांडली होती. दोघांचेही संघ सावकाश, ताकदीने खेळणारे. ऑबर्नचे गस माल्झान आणि ॲरिझोनाचे रिच रॉड्रिगेझ यांच्यासारखे वेगवान खेळाचे पुरस्कर्ते खवळले. तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 2013 मध्ये, माल्झान यांच्या संघाने अलाबामाला 34-28 असं हरवलं होतं, त्यामुळे संशयाला जागा होतीच. मार्चच्या सुरुवातीला समितीने प्रस्ताव बाजूला ठेवला.

कोणाचा हेतू काय होता यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. मला ती चर्चा महत्त्वाची वाटत नाही. स्वार्थी माणसाचा दावाही खरा असू शकतो. दावा खरा होता का, एवढंच पाहायला हवं, आणि तिथेच शास्त्राची गाठ लागते.

सेबन यांनी तेव्हा सिगारेटचं उदाहरण दिलं होतं. एक सिगारेट ओढणाऱ्याला आणि वीस ओढणाऱ्याला कर्करोगाचा धोका सारखाच कसा असेल? तसंच जास्त चाली म्हणजे जास्त दुखापती, असं त्यांचं म्हणणं. हे उदाहरण मला फार उपयोगी वाटतं, कारण सिगारेटच्या बाबतीत हा हिशेब कोणी अंदाजाने केलेला नव्हता. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 मध्ये ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांना विचारलं की तुम्ही किती ओढता, आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवली. ओढलेल्या सिगारेटींची संख्या एका बाजूला, मृत्यू दुसऱ्या बाजूला. फुटबॉलमध्ये चालींची संख्या आणि दुखापती अशा समोरासमोर ठेवल्या होत्या का? प्रस्तावाच्या वेळी तरी कोणी असा तक्ता पुढे केला नाही.

सेबन यांच्या बाजूच्या युक्तिवादात दोन वेगळे दावे एकाच दोरीत वळले गेले होते. पहिला दावा संख्येचा. एखादा संघ सामन्यात 70 चाली खेळत असेल आणि वेगामुळे त्या 80 झाल्या, तर प्रत्येक चालीतला धोका तोच राहूनही एकूण धोका सुमारे 14 टक्क्यांनी वाढेल. हे साधं गणित आहे. दुसरा दावा थकव्याचा: दमलेल्या खेळाडूची प्रत्येक चालच जास्त धोक्याची होते. दहा सेकंदांचा नियम या दुसऱ्या दाव्यावरचा उपाय होता. पण वाद घालताना लोक पहिल्या दाव्याचे आकडे सांगत आणि दुसऱ्याचा निष्कर्ष काढत.

थकव्याचं शरीरशास्त्र मात्र खरोखर रंजक आहे. पाच-सहा सेकंदांच्या जीवतोड प्रयत्नासाठी स्नायू प्राणवायूची वाट पाहत बसत नाहीत. त्यांच्याकडे एटीपी नावाचं तयार इंधन थोडंसं असतं, आणि ते संपताच पुन्हा भरून देणारा फॉस्फोक्रिएटिनचा साठा असतो. हा साठाही पूर्ण जोर लावला तर साधारण दहा सेकंदांत उतरणीला लागतो. तो भरून यायला वेळ लागतो: अर्धा भाग साधारण अर्ध्या मिनिटात, जवळपास पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं. कबड्डीत ओळीने चढाया करणाऱ्याचे पाय चौथ्या-पाचव्या चढाईला जड का होतात, त्यामागे हेच कारण असतं. चालींमध्ये 35 सेकंद मिळाले तर साठा बराचसा भरतो. 15 सेकंद मिळाले तर प्रत्येक चाल आधीपेक्षा रिकाम्या हंड्याने सुरू होते.

म्हणजे वेगवान खेळ बचावफळीला दमवतो, यात शंका नाही. तो त्यासाठीच शोधला गेला. पण दमलेला माणूस जास्त जखमी होतो का? इथे दोन गोष्टी उलट दिशांना ओढतात. दमलेला खेळाडू हळू धावतो, आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग 10 टक्क्यांनी कमी झाला तर ऊर्जा 19 टक्क्यांनी घटते. एवढ्यावरून थकवा सुरक्षित ठरेल. पण दमलेल्या माणसाचं तंत्र ढासळतं. ऑस्ट्रेलियातले क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट यांनी रग्बी लीगच्या खेळाडूंना मुद्दाम थकवून त्यांची पकड तपासली, तेव्हा थकवा वाढेल तसं पकडीचं तंत्र घसरत गेलं. फुटबॉलमध्ये वाकताना डोकं खाली गेलं की धडक खांद्याऐवजी माथ्यावर बसते आणि मान धोक्यात येते. या दोन परिणामांपैकी कोणता भारी पडतो, हे कागदावर ठरवता येत नाही. मोजावंच लागतं.

बीलेमा यांनी सिकलसेल वाहक खेळाडूंचा मुद्दाही काढला होता. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घरोघर माहीत आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच जनुक आलेला वाहक एरवी ठणठणीत असतो, पण सलग अतिश्रमात त्याच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तप्रवाह अडवू शकतात. एनसीएएने 2010 पासून आपल्या वरच्या विभागात ही तपासणी लागू केली आहे. चिंता खोटी नव्हती. पण असे मृत्यू बहुतेक वेळा सामन्यात होत नाहीत, सरावात होतात, विशेषतः हंगामाआधी शिक्षा केल्यासारखं पळवत ठेवण्याच्या व्यायामात. उष्माघाताचंही तेच: 2018 मध्ये मेरिलँड विद्यापीठातला एक तरुण खेळाडू मे महिन्यातल्या सरावानंतर गेला. तिथे स्नॅपचं घड्याळ नसतं. जीव वाचवायचे असतील तर आधी तिकडे बघायला हवं, हे मला अगदी मनापासून वाटतं.

मोजायचं तर कसं, याचा एक सुंदर नमुना याच खेळात आहे. किकऑफच्या, म्हणजे चेंडू लांब लाथाडून खेळ सुरू करण्याच्या वेळी दोन्ही संघ लांबून पूर्ण वेगाने एकमेकांवर येतात, म्हणून मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण तिथे फार मोठं होतं. आयव्ही लीगमधल्या विद्यापीठांनी 2016 मध्ये किक मारण्याची रेघ 35 यार्डांवरून 40 यार्डांवर नेली. चेंडू लांब जाऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात किंवा त्यापलीकडे मेला, तर चाल तिथेच संपते आणि धडक होतच नाही. मग संशोधकांनी बदलाच्या आधीचे आणि नंतरचे हंगाम ताडून पाहिले. दर 1000 किकऑफमागे सुमारे 11 मेंदूचे धक्के बसत होते ते सुमारे 2 वर आले. शिवाय इतर चालींमध्ये त्याच काळात काय घडलं तेही तपासलं, म्हणजे घट फक्त काळाच्या ओघात झाली का हे कळावं. किकऑफमधली घट त्याहून कितीतरी मोठी होती. दर 1000 किकऑफमागे! या शब्दांतच सगळी ताकद आहे. भाजक योग्य निवडला होता.

आता दहा सेकंदांच्या प्रस्तावाकडे वळून पाहा. समितीने स्वतःच म्हटलं होतं की वेगवान संघही पहिल्या दहा सेकंदांत क्वचितच स्नॅप करतात. हे खरं असेल, तर नियमाचा थकव्यावर परिणामही क्वचितच झाला असता. आणि तो परिणाम तपासायचा तरी कशाने? एनसीएए 1982 पासून दुखापतींची नोंद ठेवते, पण तिचं माप असं आहे: एक खेळाडू, एक सामना किंवा एक सराव, की एक नोंद. त्या सामन्यात तो 30 चाली खेळला की 90, दोन चालींमध्ये त्याला 12 सेकंद मिळाले की 38, हे त्या मापात उमटत नाही. वाद ज्या गोष्टीचा होता, नेमकी तीच गोष्ट भाजकात नव्हती.

2023 मध्ये नियम बदलले ते संख्येच्या बाजूने. 1968 पासून महाविद्यालयीन खेळात पहिला डाउन मिळाला, म्हणजे संघ ठरलेले दहा यार्ड पुढे सरकला, की सामन्याचं घड्याळ थांबायचं. आता ते फक्त प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. चाली थोड्या कमी झाल्या, वेगवान संघांना वेगाने खेळायची मोकळीक तशीच राहिली. हा बदल मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्याने सांगितलेलं कारण आणि केलेला उपाय यांचा मेळ बसतो. 2024 पासून वरच्या स्तरावर शिरस्त्राणातल्या रेडिओवरून बचावफळीतल्या एका खेळाडूलाही प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो, त्यामुळे इशारे शोधत मान वळवण्याची घाई थोडी सुटली. 2025 मध्ये आणखी एक भर पडली: चेंडू जागेवर ठेवल्यानंतर वैद्यकीय मदत मैदानात बोलवावी लागली, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो. वेग तोडण्यासाठी पायात गोळा आल्याचं सोंग करून पडण्याची रीत बोकाळली होती. या सोंगांनी प्रेक्षक चिडले, पण मला वाईट वाटतं ते नोंदींचं. अशा सामन्यांत कोण खरा दुखावला आणि कोण पडून राहिला, हे नंतर कोणी कसं वेगळं करणार?

आणि तरीही हवी असलेली माहिती मुळात गोळा करावी लागणारच नाही, ती पडून आहे. प्रत्येक सामन्याचं चित्रण असतं, प्रत्येक स्नॅपची वेळ त्यात दिसते, कोणता खेळाडू कितव्या चालीपासून सलग आत आहे तेही मोजता येतं. काही विद्यापीठांच्या शिरस्त्राणांत धक्के मोजणारे संवेदक बसवलेले आहेत. संघाच्या वैद्यकीय चमूकडे दुखापतींच्या वह्या आहेत. आदल्या चालीनंतर किती सेकंदांनी ही चाल सुरू झाली हा एक रकाना, आणि त्या चालीत कोणाला काय लागलं हा दुसरा. दहा हंगामांच्या लाखो चाली अशा ओळीने मांडल्या, तर सेबन आणि माल्झान यांच्यातला वाद एका दुपारी तपासता येईल.