अनस्कूलिंग आणि टीव्ही

अनस्कूलिंग, म्हणजे मुलांना शाळेत न घालता आणि ठरलेला अभ्यासक्रमही न लादता त्यांच्या कुतूहलाने शिकू देणे, करणाऱ्या अनेक घरांत टीव्हीला पुस्तक, बाग, स्वयंपाकघर आणि दुरुस्तीची पेटी यांच्याच पंगतीला बसवले जाते. तिथे टीव्ही बक्षीस म्हणून लागत नाही आणि शिक्षा म्हणून बंदही होत नाही. 'आधी अभ्यास, मग टीव्ही' हे वाक्य त्या घरांत निरर्थक ठरते, कारण 'अभ्यास' नावाची वेगळी गोष्टच तिथे नसते. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेत वाढली. सगळे अनस्कूलर पालक ती पाळतात असे मात्र नाही. या चळवळीत सर्वांत जास्त भांडणे ज्या विषयांवर झाली त्यांत टीव्ही वरच्या क्रमांकावर असावा.

'अनस्कूलिंग' हा शब्द जॉन होल्ट (१९२३–१९८५) या अमेरिकन शिक्षकाने रूढ केला. वर्गात शिकवताना मुले घाबरून, अंदाज बांधून उत्तरे देतात हे त्यांनी पाहिले होते. शाळा सुधारण्याची आशा सोडल्यावर १९७७ साली त्यांनी बॉस्टनहून 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. नेहमीच्या गृहशिक्षणात वेळापत्रक, पाठ्यपुस्तक आणि चाचणी यांच्यासह शाळाच घरी येते. अनस्कूलिंगमध्ये ती उंबऱ्याबाहेर राहते.

गंमत अशी की त्याच १९७७ साली टीव्हीला व्यसनाच्या रांगेत बसवणारे मेरी विन यांचे 'द प्लग-इन ड्रग' हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मुलांना शाळेतून काढणारे आणि घरातून टीव्ही काढणारे पालक पुष्कळदा एकच होते. लाकडी खेळणी आणि घरची भाकरी पसंत करणाऱ्या या वर्गाला टीव्ही म्हणजे बाजाराचा भोंगा वाटे. १९९१ साली न्यूयॉर्क राज्याचे 'उत्कृष्ट शिक्षक' ठरलेले आणि त्याच वर्षी नोकरी सोडणारे जॉन टेलर गॅटो यांनीही मुलांचे आयुष्य व्यापणाऱ्या संस्था म्हणून शाळा आणि टीव्ही यांची नावे जोडीने घेतली. त्यामुळे टीव्हीची बाजू घेणाऱ्यांना पहिला विरोध घरच्याच मंडळींकडून झाला. ही बाजू ठामपणे मांडणाऱ्यांमध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथील सँड्रा डॉड यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. शिकण्यासाठीची मोकळीक झोप, जेवण आणि टीव्ही यांनाही लागू करणारा 'रॅडिकल अनस्कूलिंग' हा पंथ त्यांच्या लिखाणातून पुष्कळ वाढला.

या पंथाचा सर्वांत चांगला युक्तिवाद अर्थशास्त्रातून आला आहे. रोज एकच तास टीव्ही मिळणार असेल तर त्या तासाची शेवटची मिनिटेही मौल्यवान ठरतात. मूल कंटाळवाणा कार्यक्रमही शेवटपर्यंत बघते, कारण न बघितलेला वेळ बुडीत जातो. टीव्ही कधीही लावता येत असेल तर पुढच्या अर्ध्या तासाची किंमत उतरते, आणि बाहेर पाऊस थांबला की मूल उठून जाते. ही सीमांत उपयोगितेची, म्हणजे जवळ असलेल्यात आणखी थोडी भर पडली तर तिचे मोल किती, याची साधी गोष्ट आहे. तिच्यात एक अट मात्र दडलेली असते: उठून जाण्यासारखे काहीतरी असावे लागते. ज्या घरात दुसरे आकर्षण नाही, मोठ्यांना सवड नाही, तिथे टीव्ही इतर कशाशी स्पर्धा करत नाही, एकटाच उरतो. पुरस्कर्ते या अटीचा उल्लेख करतात, पण दबक्या आवाजात.

म्हणून या प्रथेचा खरा भार टीव्हीवर नसून शेजारी बसलेल्या मोठ्या माणसावर असतो. २००३ साली डिस्कव्हरी वाहिनीवर सुरू झालेला 'मिथबस्टर्स' अशा घरांत आवडीने पाहिला गेला. आर्किमिडीजने आरशांनी ऊन एकवटून रोमन जहाजे पेटवली, ही आख्यायिका या कार्यक्रमाने एकदा नव्हे, अनेकदा तपासली आणि खोटी ठरवली. ती बघताना आठ-नऊ वर्षांचे मूल विचारते, सिराक्यूज कुठे आहे? आई फोनवर शोधते तर आधी न्यूयॉर्क राज्यातले सिराक्यूज सापडते. मग सिसिली बेटावरचे, आर्किमिडीजचे सिराक्यूज, मग अमेरिकेत ग्रीक गावांची नावे कशी आली हा प्रश्न, आणि संध्याकाळी अंगणात हातआरसा, भिंग व वाळलेली पाने. भिंगाने पान काळे पडते, आरशाने पडत नाही. का, ते त्या दिवशी कोणी समजावून सांगत नाही. पुढच्या आठवड्यात मूल ते विचारेल किंवा विचारणारही नाही, आणि ही दुसरी शक्यता सहन करणे पालकांना सर्वांत जड जाते.

हीच संध्याकाळ सरकारी कागदावर वेगळी दिसते. पेनसिल्व्हेनियात १९८८ च्या कायद्यानुसार गृहशिक्षण करणाऱ्या पालकांना वर्षाचे १८० दिवस, किंवा प्राथमिक स्तरावर ९०० तास, शिक्षण झाल्याचे दाखवावे लागते. नोंदवही ठेवावी लागते आणि पात्र मूल्यमापकाकडून मुलाच्या प्रगतीची तपासणी करून घ्यावी लागते. तेव्हा टीव्हीसमोरची दुपार 'विज्ञान : प्रकाशाचे परावर्तन व अपवर्तन, इतिहास : दुसरे प्युनिक युद्ध (रोम विरुद्ध कार्थेज), भूगोल : सिसिली' अशी लिहिली जाते. यात खोटे काही नाही. तरी शाळेचे विषय नाकारणाऱ्यांना शाळेच्याच भाषेत भाषांतर करत बसावे लागते, हे मजेशीर आहे. टेक्साससारख्या राज्यात अशी वही मागायला कोणी येत नाही.

शाळेतून नुकत्याच काढलेल्या मुलांची गोष्ट निराळी. शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना, असा 'डीस्कूलिंग'चा, म्हणजे शाळेची सवय अंगातून निघून जाण्याच्या काळाचा, ढोबळ हिशेब अनुभवी पालक सांगतात. चौथीतून काढलेले मूल पहिले चार-पाच महिने सोफ्यावर लोळून कार्टून बघेल, ते बघू द्यावे, असा त्याचा अर्थ. नव्या पालकांचा धीर इथेच सुटतो.

संशोधन दोन्ही बाजूंना थोडे-थोडे हात देते. मॅथ्यू गेन्ट्झको आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शहरांत टीव्ही वेगवेगळ्या वर्षी पोहोचला याचा फायदा घेऊन जुने चाचणीगुण तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार लहानपणी टीव्ही पाहिल्याने पुढचे गुण घटल्याचे दिसत नाही. ज्या घरांत इंग्रजी ही मुख्य भाषा नव्हती किंवा आई कमी शिकलेली होती, तिथे थोडा लाभच दिसला. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'चे प्रक्षेपण जिथे चांगले दिसत होते, तिथली मुले वयानुरूप इयत्तेत राहण्याचे प्रमाण अधिक होते, असेही एका अभ्यासात आढळले. उलट, अगदी तान्ह्या मुलांना पडद्यावरून फारसे शिकता येत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांसाठी व्हिडिओ कॉल सोडून पडदा टाळावा, आणि दोन ते पाच वर्षांसाठी रोज फार तर एक तास ठेवावा, असे सुचवले. हा एक तास रॅडिकल अनस्कूलर मानत नाहीत. त्यांचे म्हणणे पाच वर्षांपुढच्या मुलांबाबत पटते; दोन वर्षांच्या मुलाने 'स्वतः निवडले' असे म्हणणे ताणलेले वाटते. शिवाय सगळे तर्क ठरलेल्या वेळी कार्यक्रम संपणाऱ्या टीव्हीवर उभे राहिले. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू करणारा पडदा मुलाला उठण्याची ती फटच देत नाही.

भारतात अनस्कूलर कुटुंबे थोडी आहेत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटाबद्दल बोलतो, पण गृहशिक्षणाचे नाव घेत नाही. दहावीसाठी बरेच जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देतात. आपल्याकडे टीव्ही आणि शिक्षण यांचा सरकारी संबंध बहुतेकदा उलट दिशेने आला: पुण्याची बालचित्रवाणी असो वा २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर लागलेली 'टिलीमिली', दोन्हींनी शाळेचा पाठ पडद्यावर आणला. अनस्कूलर विचाराच्या जवळ जाणारी गोष्ट अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी केली. १९९६ साली त्यांनी 'एकाच भाषेतील उपशीर्षके' ही कल्पना मांडली, आणि पुढे 'चित्रहार'मधल्या हिंदी गाण्यांखाली तेच शब्द देवनागरीत धावू लागले. गाणे पाठ असते, ओठ हलत असतात आणि डोळा अक्षरांवरून फिरतो.

ठरवून न केलेला प्रयोग मात्र मराठी घरांत केव्हाचा चालू आहे. मराठी शाळांत हिंदी आजवर पाचवीपासून आली. पण २००८ साली 'छोटा भीम' हे हिंदी कार्टून सुरू झाल्यानंतरच्या पिढीतली, हिंदीभाषक शेजारी नसलेल्या गावातली मुलेही बालवाडीच्या वयात 'आई, मला प्यास लागली' म्हणू लागली. घरचे त्यावर मराठी बिघडल्याची तक्रार करतात. पुढे पाचवीत हिंदीचे पुस्तक हाती येते, तेव्हा त्यातले संवाद ही मुले आवाज बदलून, भीम आणि कालियाच्या सुरात वाचतात.