लेक्चर भारी झालं, पण डोक्यात काय बदललं?

"सर काय भारी शिकवतात, ऐकता ऐकता सगळं समजतं." चांगल्या प्राध्यापकाची आपली व्याख्या साधारण इथेच संपते. पण २०१९ साली हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास बघा. एका गटाला कसलेल्या प्राध्यापकांचं सफाईदार लेक्चर, दुसऱ्या गटाला तोच धडा पण आधी स्वतः झटापट करून. लेक्चरवाल्यांना वाटलं आपण जास्त शिकलो, टेस्टमध्ये मात्र झटापटवाले पुढे!

असं का होतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण विज्ञान शिकायला येणाऱ्याचं डोकं कोरी पाटी नसतं. एक प्रश्न घ्या. १०,००० किलोचा ट्रक आणि १,००० किलोची कार समोरासमोर धडकले, तर जास्त बल कोणी कोणावर लावलं? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा बिनधास्त "ट्रकने" म्हणतात. बल दोघांवर सारखंच असतं, पण कारचं वस्तुमान दहा पट कमी म्हणून तिच्या वेगात होणारा बदल दहा पट जास्त, आणि आपण बघतो तो हा बदल, त्यालाच बल समजून बसतो. नियम पाठ असतो आणि जुनी समजूतही शाबूत असते, दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर हार्वर्डमध्ये १९८४ पासून शिकवत होते, मुलं खूश होती, पेपरातली अवघड गणितंही सोडवायची. मग त्यांनी असेच बिनआकडेमोडीचे प्रश्न दिले तर एका विद्यार्थ्याने विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं उत्तर लिहू की मी एरवी विचार करतो तसं? त्यातूनच त्यांची 'पीअर इन्स्ट्रक्शन', म्हणजे मुलांनीच एकमेकांना समजावण्याची पद्धत उभी राहिली.

पद्धत दिसायला साधी. प्रश्न टाकायचा, मिनिट-दोन मिनिटं कोणी कोणाशी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं, आणि ही नोंदवण्याची पायरी अजिबात गाळायची नाही, कारण एकदा उत्तर दिलं की माणूस त्यात अडकतो, मग ते चुकलं तर टोचतं. ढोबळमानाने ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर शेजारच्याशी वाद घालायला सांगायचं, वेगळं उत्तर असलेल्याला पटवून दे म्हणायचं, मग परत मत घ्यायचं आणि त्यानंतरच सरांनी बोलायचं. ज्याला गोष्ट नुकतीच उमगलीय त्याला अडायला कुठे होतं ते आठवत असतं, सरांना ते कधीच विसरायला झालेलं असतं.

यावर शंका येतेच की हुशार मुलाचं उत्तर बाकीचे उचलत असतील. २००९ मध्ये जेनेटिक्सच्या वर्गात हे तपासलं. चर्चेनंतर तीच संकल्पना पण वेगळा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा. बरोबर उत्तरं वाढली, आणि विश्लेषणात असं दिसलं की ज्या गटांत आधी कोणालाच येत नव्हतं तिथेही वाढली. मला हा निकाल जबरदस्त वाटतो, म्हणजे वाद घालताना मुलं ज्ञान नुसतं एकमेकांकडून घेत नाहीत, तयार करतात.

यासाठी महागडी ॲप्स लागत नाहीत, उत्तर दाखवायला रंगीत कार्डं पुरतात. आणि "हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा" असल्या लर्निंग स्टाइलच्या वर्कशॉपवर कॉलेजांनी पैसे घालवणं थांबवावं, तसं वर्गीकरण करून शिकवल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावाच नाही.

मग शिक्षक मोजायचा कसा? फीडबॅक फॉर्मने तर नाहीच. संकल्पना कळलीय का हे तपासणारी, ट्रक-कारसारख्या प्रश्नांची एकच चाचणी कोर्सच्या आधी आणि नंतर घ्या. वर्गाची सरासरी ४० वरून ७० टक्क्यांवर गेली तर वाढायला जागा ६० ची होती, वाढले ३०, म्हणजे लाभ ३० भागिले ६०, ०.५. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेसमधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचा असा हिशोब मांडला. पारंपरिक लेक्चरचा सरासरी लाभ ०.२३, मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांचा ०.४८.