धक्का दिला की उघडणारं दार: पॅनिक बारची पार्श्वभूमी

मॉल किंवा सिनेमागृहाच्या फायर एक्झिटवर कमरेच्या उंचीला जो आडवा दांडा असतो, तो पॅनिक बार. त्याच्या इतिहासातली पहिली मोठी दुर्घटना आगीची नव्हती.

16 जून 1883. इंग्लंडमधल्या सुंदरलंड गावातला व्हिक्टोरिया हॉल. मुलांसाठीचा खेळ संपत आला आणि बक्षिसं जाहीर झाली. खाली बसलेल्या मुलांना रंगमंचावरून वाटप सुरू झालं, तशी गॅलरीतली शेकडो मुलं जिन्याकडे धावली. जिन्याच्या तळाचं दार आत उघडणारं होतं. एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून त्याचा बोल्ट जमिनीतल्या भोकात टाकलेला होता. पुढची मुलं अडली, मागून लोंढा येतच राहिला. बोल्ट मुलांच्या बाजूला असल्याने बाहेर धावून आलेल्या मोठ्यांनाही दार उघडता येईना. फटीतून एकेक मूल ओढून काढावं लागलं. 183 मुलं गेली. त्यानंतर 1892 मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी दाबाने सुटणाऱ्या पॅनिक बोल्टचं पेटंट घेतलं.

अमेरिकेला हा धडा 30 डिसेंबर 1903 रोजी मिळाला. शिकागोच्या इरोक्वा थिएटरात आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसं दगावली. बाहेर पडायची दारं होती, पण काही पडद्यांआड झाकलेली, काही बंद. काहींवर तिथल्या लोकांना अनोळखी अशा युरोपीय धाटणीच्या कड्या होत्या. एका प्रेक्षकाच्या घरी तशीच कडी होती, म्हणून त्याला एक दार उघडता आलं. दारावरच्या साहित्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच कळते: जी कडी उघडायला आधी माहिती लागते, ती गर्दीच्या आणि धुराच्या वेळी कुलुपासारखीच.

इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीतले कार्ल प्रिन्झलर त्या दिवशी याच खेळाला जाणार होते, कामामुळे राहिले. त्यांनी हेन्री ड्यूपाँट यांच्याबरोबर दाबाने उघडणारं साहित्य घडवलं आणि 1908 मध्ये ते बाजारात आलं. व्हॉनेगट, ड्यूपाँट, प्रिन्झलर या तिघांच्या नावांतून ‘व्हॉन ड्यूप्रिन’ हे नाव झालं.

कल्पना साधी वाटते, पण खरी परीक्षा दाब पडलेल्या दाराची असते. मागून माणसं रेटू लागली की लॅच, म्हणजे दार अडकवून ठेवणारी जीभ, चौकटीवरच्या स्ट्राइक प्लेट या पट्टीवर घट्ट दाबलं जातं आणि साध्या कुलुपाची मूठ फिरता फिरत नाही. म्हणून युरोपातल्या ईएन 1125 मानकात दोन चाचण्या आहेत: मोकळं दार 80 न्यूटनपर्यंतच्या जोरात सुटलं पाहिजे, आणि 1000 न्यूटनचा रेटा असलेलं दार 220 न्यूटनपर्यंतच्या जोरात. इमारतीची ओळख असलेल्या थोड्या माणसांसाठी ईएन 179 आहे. त्यात मूठ किंवा पुश पॅड, म्हणजे हाताने दाबायचा छोटा पाटा, चालतो. गर्दीच्या सभागृहाला हे स्वस्त साहित्य बसवणं ही चूकच आहे.

पण दांडा बसवला म्हणजे झालं, असंही नाही. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात 146 कामगार गेले. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबात 492 जण मेले. तिथे तळघरातून वर येणाऱ्या जिन्याच्या माथ्यावरच्या दाराला पॅनिक हार्डवेअर होतं, तरी ते दार बंद करून ठेवलेलं होतं. मुख्य वाट फिरत्या दाराची, तीही तुंबली. पुढे फिरत्या दाराच्या बाजूला बाहेर उघडणारं साधं दार असावं, असे नियम आले.

आपल्याकडे 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 जण गेले. बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेरची एक वाट अडली होती. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रमाणे एक्झिटचं दार किमान 1000 मिमी रुंद आणि 2000 मिमी उंच असावं, सभागृहांत 2000 मिमी रुंद, आणि आतून चावीशिवाय उघडावं. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली मालकाला किंवा भोगवटादाराला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे या उपाययोजना चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. ही तपासणी नुसती कागदावर उरकू नये, कारण दाराचे दोष सहा महिन्यांत सहज तयार होतात.

सगळ्यात जास्त त्रास दोन फळ्यांच्या दाराचा. त्यावर उभ्या रॉडचं साहित्य असतं; वरचा बोल्ट चौकटीत, खालचा जमिनीतल्या सॉकेटमध्ये. लादी बसवताना ग्राउट (सांधे भरायचा मसाला) किंवा रोजचा केर सॉकेटमध्ये भरतो, खालचा बोल्ट पुरता उतरत नाही आणि आगीत फळी खालून वाकून धूर आत येतो. रॉडची लांबी चुकली तर उघड्या दाराचा बोल्ट लादीवर घासत जातो. फळ्या एकमेकींवर चढणाऱ्या असतील तर फळ्या योग्य क्रमाने मिटवणारा कोऑर्डिनेटर लागतो, नाहीतर चुकीची फळी आधी मिटते. अशी कुरकुर वाढली की सुरक्षारक्षक दाराला साखळी घालतो.

फायर डोअरवर, म्हणजे आग आणि धूर अडवण्यासाठी बनवलेल्या दारावर, आणखी एक गोष्ट पाहावी. साध्या पॅनिक बारमध्ये षटकोनी चावीने दांडा दाबलेलाच अडकवून ठेवायची सोय असते, त्याला डॉगिंग म्हणतात. फायर डोअरला ती चालत नाही, कारण आगीत लॅच लागलेलं असायलाच हवं. तपासताना दार पूर्ण उघडून सोडावं. क्लोजरने, म्हणजे दार मिटवणाऱ्या यंत्रणेने, ते आपोआप मिटून लॅचचा ‘खट्’ ऐकू आला पाहिजे. मग एकाने दार बाहेरच्या दिशेने रेटून धरावं आणि दुसऱ्याने दांडा एका हाताने दाबून पाहावा.