कॉनिशेड प्रायरी

इंग्लंडच्या वायव्येला कंब्रिया नावाची काउंटी आहे, तिथल्या अल्व्हरस्टन गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, मोरकम बे या उथळ खाडीच्या काठाला कॉनिशेड प्रायरी आहे. प्रायरी म्हणजे ख्रिस्ती मठ, पण मूळचा मठ कधीच गेला, आता तिथे एकोणिसाव्या शतकातला प्रचंड वाडा आहे आणि त्यात तिबेटी परंपरेतलं बौद्ध केंद्र चालतं. मधल्या आठशे वर्षांत ही जागा दवाखाना, मठ, जमीनदाराचं घर, हॉटेल, खाणकामगारांचं आरामघर, लष्करी हॉस्पिटल असं सगळं होऊन गेलीये. दुर्दैवाने लोक फोटो काढतात ते फक्त दोन उंच मनोऱ्यांचे. खरी मजा इथे कोण कोण राहून गेलं त्यात आहे.

सुरुवात साधारण 1160 च्या सुमाराची. गामेल द पेनिंग्टन नावाच्या स्थानिक सरदाराने गोरगरीब, म्हातारेकोतारे आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी इथे आसरा काढला, तो ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंकडे सोपवला आणि त्याच शतकाच्या शेवटी त्याची प्रायरी झाली. जवळच फर्नेस ॲबी हा सिस्टर्शियन पंथाचा बडा मठ होता, त्याच्याशी आसपासच्या चर्चच्या हक्कांवरून तंटे व्हायचे.

या साधूंचं एक काम मात्र वेगळंच होतं, वाट दाखवायचं. मोरकम बेला ओहोटी लागली की मैलोनमैल वाळू उघडी पडते, आणि रेल्वे येईपर्यंत या भागात यायचा सरळ रस्ता म्हणजे हीच वाळू. पण ती फसवी आहे, कुठे पाय रुतेल सांगता येत नाही, नदीचं पात्र सतत जागा बदलतं आणि भरती आली की माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. लेव्हन नदीच्या मुखावरून प्रवाशांना पलीकडे न्यायला वाटाड्या पुरवायची जबाबदारी कॉनिशेडच्या साधूंची होती, आणि त्याच मुखात चॅपल आयलंड नावाचं छोटं बेट आहे तिथे त्यांचं प्रार्थनास्थळ होतं असं सांगतात. मठ बंद झाल्यावरही हे काम थांबवणं शक्यच नव्हतं, मग वाटाड्या नेमायचं काम डची ऑफ लँकेस्टर या राजघराण्याच्या जहागिरीकडे गेलं आणि वाळूवरचे वाटाडे आजही नेमले जातात.

आठव्या हेन्रीने 1536 पासून इंग्लंडभरचे मठ मोडीत काढले त्यात हाही गेला, इमारत पाडली, जमीन खासगी हातात गेली. बऱ्याच पिढ्यांनी ती ब्रॅडिल घराण्याकडे आली. कर्नल थॉमस रिचमंड गेल ब्रॅडिल यांनी 1821 पासून जुनं घर काढून गॉथिक धाटणीचा आत्ताचा वाडा बांधायला घेतला, आधी फिलिप वायट आणि नंतर केंडलचे जॉर्ज वेबस्टर हे त्याचे आर्किटेक्ट. मनोरे सुमारे 100 फूट उंच, आत लांबच लांब कमानीदार कॉरिडॉर, रंगीत काचा, आणि ओक रूम नावाच्या खोलीत घराण्याच्याच सॅम्सबरी हॉलमधून आणून बसवलेलं जुनं कोरीव लाकूडकाम. पैसा पाण्यासारखा गेला. शिवाय कर्नलसाहेबांनी ईशान्य इंग्लंडातल्या डरहॅमच्या साउथ हेटन भागात कोळशाच्या खाणींतही पैसा घातला होता आणि शेवटी 1840 च्या दशकात त्यांचं दिवाळं निघालं, घरदार सगळं विकावं लागलं.

पुढे 1870 च्या दशकाच्या शेवटी पाण्याच्या उपचारांचं हॉटेल निघालं. त्या काळी इंग्लंडात याची फॅशनच होती. पाहुण्यांसाठी 1883 मध्ये दारापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला, स्टेशनलाही नाव कॉनिशेड प्रायरीच, पण पहिल्या महायुद्धात 1916 ला प्रवासी गाड्या बंद पडल्या.

आणि मग 1930 ला इथे कोण आलं तर डरहॅमचेच खाणकामगार! त्यांच्या वेल्फेअर कमिटीने वाडा घेऊन आजारी, जखमी कामगारांसाठी आरामघर काढलं. ज्या कोळशापायी मालक बुडाला तोच कोळसा खणणारी माणसं त्याच्या दिवाणखान्यात विश्रांती घ्यायला लागली, मला तरी या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात समाधानाचं पान वाटतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी हॉस्पिटल होतं, युद्धानंतर कामगार परत आले, आणि 1972 ला आरामघर बंद झालं.

रिकामं घर किती लवकर खराब होतं ते पुढे दिसलं. छतं गळत होती आणि ड्राय रॉट, म्हणजे लाकूड आतून भुसभुशीत करून टाकणारी बुरशी, सगळीकडे पसरली होती. अशा अवस्थेत 1976 ला तिबेटी गुरू लामा थुबतेन येशे यांच्या पाश्चात्त्य शिष्यांच्या मंजुश्री इन्स्टिट्यूटने ही जागा घेतली, 1977 ला तिबेटी भिक्षू गेशे (ही विद्वान भिक्षूची पदवी) केलसांग ग्यात्सो शिकवायला आले. तिथे राहणाऱ्यांनीच, बहुतेक हौशी मंडळींनी, सडलेलं लाकूड काढून वर्षानुवर्षं दुरुस्ती केली. ही वास्तू ग्रेड टू स्टार दर्जाची संरक्षित आहे, त्यामुळे मनाला येईल तशी डागडुजी चालत नाही, हे लक्षात घेतलं तर त्या मेहनतीची किंमत कळते.

केंद्राची वाटचाल वादाशिवाय झालेली नाही. लामा येशेंच्या मूळ संस्थेशी 1980 च्या दशकात फाटलं, 1991 ला गेशे केलसांग यांनी न्यू कदम्पा ट्रॅडिशन ही स्वतंत्र संघटना काढली, आणि दोर्जे शुगदेन या तिबेटी देवतेच्या उपासनेवरून दलाई लामांशी उघड संघर्ष झाला, 1996 ला लंडनमध्ये दलाई लामांविरुद्ध निदर्शनंही झाली. हे लपवून नोंद लिहिणं बरोबर नाही. आपल्याकडच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं की ही तिबेटी बौद्ध धर्मातल्या गेलुग्पा परंपरेतून निघालेली शाखा आहे, महाराष्ट्रातल्या आंबेडकरी बौद्ध धम्माशी तिचा थेट संबंध नाही.

वाड्याच्या जुन्या भाजीच्या बागेत 1997 ला नवं मंदिर उभं राहिलं, मंडलाच्या रचनेवर आधारलेलं, चौकोनी, वर मधोमध प्रकाश आत घेणारं उंच छप्पर. याच नमुन्यावर नंतर न्यूयॉर्क राज्यात, ब्राझीलमध्ये आणि पोर्तुगालमध्ये मंदिरं झाली. गेशे केलसांग 2022 ला वारले, पण केंद्र सुरू आहे, वर्षातल्या मोठ्या महोत्सवांना जगभरातून हजारो माणसं येतात. बौद्ध नसलात तरी मंदिर बघता येतं, कॅफेत बसता येतं, आणि रानातल्या पायवाटेने थेट खाडीच्या किनाऱ्यापर्यंत जाता येतं, फक्त वाळूवर स्वतःच्या भरवशावर उतरू नये, ती अजूनही तितकीच धोक्याची आहे.