पाणी बिघडलंय की दादागिरी चाललीय? सिक्लिडच्या टाकीतला कोपऱ्यातला मासा

टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या आडोशाला एक मासा तोंड वर करून लटकलेला. पर अंगाशी मिटलेले, रंग उतरलेला, खाणं टाकलं तरी जागचा हलत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड, म्हणजे रंगीत पण भांडखोर मासे, पाळणाऱ्याला हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. दुकानात मोबाइलवर व्हिडिओ दाखवला की दोनपैकी एक उत्तर मिळतं: ‘पाणी बदला’ नाहीतर ‘बाकीचे मारत असतील’. यातलं कुठलंही खरं असू शकतं. पंचाईत अशी, की एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर बरा होणारा मासाही हातचा जातो.

ओळखायचं असेल तर त्या लटकलेल्या माशाला थोडा वेळ विसरा. बाकीच्यांकडे बघा, त्यातही टाकीच्या दादाकडे. अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष; त्याच्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही. पाणी बिघडलं की एकेक करत बहुतेकांचे कल्ले भराभर हलायला लागतात, कुणी वाळूला नाहीतर दगडाला अंग घासतं, आणि एरवी आपली कपार न सोडणारा दादाही वर येऊन हवा घेतो. पाठलाग बंद पडतो. भांडखोर टाकीत अचानक शांतता दिसली तर ‘रुळले एकदाचे’ म्हणून खूश होऊ नका, पाणी तपासायचं टेस्ट किट काढा.

दादागिरीत एक-दोघेच कोपऱ्यात असतात आणि उरलेली टाकी मजेत. खाण्यावर सगळे तुटून पडतात, दादाचा रंग तर जास्तच चढलेला असतो. मार खाणाऱ्याची शेपूट जवळून बघा. चावलेल्या परांना व्ही-आकाराच्या चिरा पडतात, त्यांच्या कडा स्वच्छ असतात, आणि कुशीवरचे खवले निघालेले दिसतात. कडा पांढुरकी होऊन पर हळूहळू झिजत असेल तर ती सड. तिचा संशय आधी पाण्यावर घ्यावा, जरी मुळात ती चाव्याच्या जखमेतूनही सुरू होत असली तरी.

याने उलगडा झाला नाही तर दिवे बंद करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने मंद टॉर्च मारून बघा. अंधारात सिक्लिड फारसे भांडत नाहीत. मार खाणारा मासा तेवढ्यात खाली उतरून निवांत बसलेला सापडतो. पाण्याने घुसमटलेला असेल तर तो अंधारातही वरच.

खरा निकाल अर्थात किटच देतं. अमोनिया शून्य, जिवाणू त्यापासून बनवतात ते नायट्राइट शून्य, त्यापुढचं नायट्रेट ४० पीपीएमच्या (दर लिटरला मिलिग्रॅम) आत, आणि २०च्या आसपास असेल तर उत्तम. पण आफ्रिकन सिक्लिडवाल्यांनी अमोनियाचा आकडा एकटा वाचू नये, शेजारी पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ठेवून वाचावा. किट एकूण अमोनिया दाखवतं. त्यातला काही भाग अमोनियमच्या रूपात असतो, तो बराचसा निरुपद्रवी. उरलेला मोकळा अमोनिया कल्ले जाळतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर हा मोकळा भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ला तो ५ टक्क्यांच्या वर जातो आणि ८.५ला साधारण १५ टक्के होतो. मलावीच्या माशांना आपण मुद्दाम ८च्या आसपास किंवा वर ठेवतो, सरोवराचं पाणीच तसं आहे. म्हणून एंजलफिशसारख्या कमी पीएचच्या माशांच्या टाकीत खपून गेलेला आकडा इथे जिवावर बेततो. नायट्राइटची गोष्ट वेगळी: ते रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं, कल्ले तपकिरी पडतात आणि भरपूर हवा सोडूनही मासे धापा टाकतात. अशा वेळी दर लिटरला १ ग्रॅम साधं मीठ खरोखर उपयोगी पडतं, कारण त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

सगळं चांगलं चाललेल्या टाकीत हे मध्येच उद्भवतं कुठून? बहुतेक वेळा फिल्टर धुण्यातून. स्पंज नळाखाली धरून लख्ख केला की क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नव्यासारखी होते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. तो मळकट राहिला तर राहू दे.

दादागिरीचं मूळ पाण्यात नाही, जागेत आहे. मलावीचे म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड, दगडांवरच्या शेवाळाच्या थरावर जगतात. चांगला दगड म्हणजे जेवण आणि संसार दोन्ही, म्हणून नर तो जिवापाड राखतो. सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे. हरलेला मासा पळून दुसरा खडक गाठतो. तीन फुटी टाकीत पळून जाणार कुठे? तो वरच्या कोपऱ्यात जातो, कारण तेवढी एकच जागा कुणाच्या हद्दीत नसते. त्यात आपल्याकडे ‘मिक्स सिक्लिड’ म्हणून जी पिल्लं विकतात, त्यांत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ऑराटस हमखास असतो. दीड इंचाचा असताना गोड दिसतो. वयात आल्यावर नर काळपट होतो आणि टाकीचा ताबा घेतो. माझं मत विचाराल तर सहा फुटांपेक्षा लहान टाकीत ऑराटस घेऊच नये. सुरुवात इलेक्ट्रिक यलोपासून करावी, तो त्यामानाने सभ्य.

इलाज एकमेकांना कसे छेद देतात ते आता बघा. दादागिरी कमी करायला म्बुनावाले टाकी मुद्दाम भरगच्च ठेवतात, म्हणजे मार एकावर न पडता वाटला जातो. एका नराला तीन-चार माद्या ठेवतात. हा उपाय चालतो, पण फिल्टर दणकट असेल आणि दर आठवड्याला पाणी बदललं जात असेल तरच. अमोनियामुळे आजारी पडलेल्या टाकीला दादागिरीची टाकी समजून आणखी सहा मासे सोडले, तर दोन दिवसांत सगळंच आटोपतं. दगडांची मांडणी बदलणं हाही हद्दी मोडायचा उत्तम उपाय; पण दगडांखाली महिनोन्महिने साचलेली घाण उसळून वर आली की बरं असलेलं पाणीही बिघडतं. आधी सायफनने तळ साफ करा, मग दगड हलवा.

उलट बाजूने, दादागिरी चालू असताना रोज अर्धी टाकी उपसत बसलात तर मार खाणाऱ्याचा मार तसूभरही कमी होत नाही. तो अखेर कपारीत मरून पडतो, दिसत नाही, कुजतो, आणि मग खरोखरच अमोनिया चढतो. दोन्ही एकत्र दिसतात तेव्हा पुष्कळदा क्रम हाच असतो. म्हणून मासे मोजायची सवय ठेवावी.

‘पाणी बदललं आणि त्याच रात्री मासे गेले’ ही तक्रार सारखी कानावर येते. क्लोरीन हे एक कारण, अँटी-क्लोरीन टाकायचं राहून गेलेलं असतं. दुसरं कारण जास्त फसवं आहे. महिनोन्महिने न बदललेल्या पाण्याचा पीएच घसरत घसरत साडेसहावर येतो. तिथे साठलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात गप्प बसलेला असतो, मासे कसेबसे तगून असतात. त्यात एकदम बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी निम्म्याने भरलं की पीएच उडी मारतो आणि तोच अमोनिया मोकळा होतो. अशा टाकीचं पाणी रोज १० टक्के याप्रमाणे हळूहळूच बदलावं. पीएच ठीक असून अमोनियाचा आकडा चढलेला असेल तर मात्र एका दमात ३० ते ५० टक्के बदलायला हरकत नाही. तापमान जुळवायचं, एक-दोन दिवस खाणं बंद ठेवायचं आणि हवेचा पंप पूर्ण सोडायचा.

किट स्वच्छ, अंगावर ओरखडा नाही, तरी मासा आडोशाला आणि उपाशी? मग जबड्याखाली बघा. घशाची पिशवी फुगलेली असेल आणि तोंडात काही चघळल्यासारखी हालचाल चालू असेल, तर ती अंडी तोंडात धरलेली मादी आहे. ती साधारण तीन आठवडे खात नाही. तिला औषध देऊ नका.

आणि दादागिरीच ठरली, तर वेगळं कुणाला काढायचं? बहुतेक जण मार खाणाऱ्याला काढतात. त्याच्या जखमा भरायच्या असतील तर ते योग्यच, पण तो परत आला की पुन्हा नवखा ठरतो आणि पुन्हा मार खातो. जखमा किरकोळ असतील तर दादालाच आठवडाभर दुसऱ्या टाकीत ठेवा. तेवढ्यात इथल्या हद्दी नव्याने ठरतात. मग दगड हलवून, दिवे बंद करून त्याला परत सोडा. आता नवखा तो असतो. ऑराटसच्या बाबतीत एवढ्यानेही भागत नाही. त्याला सरळ दुकानात परत द्यावं.