पोकरमध्ये रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानावर, बोर्डाची जोडी लागली आणि लिंबूटिंबूने बेट लावली?

आतापर्यंत नुसता कॉल करणाऱ्याने (समोरच्याच्या बेटइतकेच पैसे टाकणाऱ्याने) रिव्हरवर अचानक पहिली बेट लावली, की तो नवखा, हा पोकरमधला जुना समज. चालीचं नावच डाँक बेट, म्हणजे गाढवाची बेट! पण बोर्ड, म्हणजे टेबलावरची सगळ्यांची सामायिक पानं, पाहा: राजा, अठ्ठी, पंजी, टर्नला (चौथं पान) दुर्री, रिव्हरला पुन्हा अठ्ठी. बटणावरून (शेवटी खेळण्याच्या जागेवरून) रेझ करून, म्हणजे बेट वाढवून, पुढे दोनदा बेट लावणाऱ्याकडे राजे-एक्के जास्त असतात. अठ्ठी-सत्तीसारखे हात बिग ब्लाइंडकडे, म्हणजे सक्तीची मोठी बेट भरून इथवर नुसता कॉल करत आलेल्याकडे. त्याने चेक केलं, म्हणजे बेट न लावता पाळी सोडली, तर समोरचाही बिचकून चेक करतो आणि ट्रिप्सला (तीन अठ्ठ्यांना) रिव्हरवर कमाई शून्य. म्हणून छोटी बेट, त्यात स्ट्रेट (ओळीची पाच पानं) हुकलेली सत्ती-छक्कीही अधूनमधून ब्लफ म्हणून. रिव्हरला अठ्ठीऐवजी राजा आला असता, तर मात्र बहुधा चेकच. राजे समोरच्याकडेच जास्त.