आकडी की भोवळ? कुत्रा कोसळला की आधी कांदा शोधू नका

कुत्रा चालता चालता आडवा झाला, पाय ताठले, खाली शू झाली, की आपल्याकडे निदान तयार असतं: "फिट आली!" लगेच कुणीतरी कांदा फोडतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं. त्याने काहीही होत नाही. उलट तो कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. पण कांदा राहू द्या. माझं डोकं फिरतं ते प्रत्येक कोसळण्याला 'फिट' म्हणण्यावर.

आकडी, म्हणजे खरी फिट, कशी दिसते ते बहुतेकांना ठाऊक असतं. मेंदूतल्या विजेचा गोंधळ. अंग ताठ, मग पडल्या पडल्या सायकल मारल्यासारखे पाय, जबड्याची कटकट, लाळ, फेस. सगळं साधारण मिनिट-दोन मिनिटांचं. भोवळ मात्र बहुतेक वेळा हृदयाकडून येते. मेंदूला क्षणभर रक्त पुरत नाही, कुत्रा कोसळतो, रक्त पोचलं की उठतो. म्हाताऱ्या पॉमेरेनियन किंवा डॅशहुंडच्या हृदयाची झडप गळते, डॉबरमनच्या हृदयाचा स्नायू सैल पडतो, बॉक्सरच्या ठोक्यांची लय चुकते.

आता खरी गोची. "पाय झाडले ना, मग फिटच." "शू झाली ना, मग फिटच." दोन्ही चूक. भोवळ आलेला कुत्राही पुढचे पाय ताणतो, मान मागे टाकतो, किंचाळतो, शू करतो. म्हणजे ज्या दृश्यावरून आपण छातीठोक बोलतो, तेच सगळ्यात कमी कामाचं. बघायचं असतं ते आधीचं मिनिट आणि नंतरचा अर्धा तास.

आमची चिंगी, अकरा वर्षांची पॉमेरेनियन. मुलगा हॉस्टेलवरून आला, बेल वाजली, ही स्वयंपाकघरातून सुसाट दाराशी. दोनदा खोकली आणि पायपुसण्यावर आडवी. पुढचे पाय काठीसारखे, खाली ओलं. मी "फिट, फिट" म्हणून ओरडेपर्यंत ती उठून बसली होती, आणि मुलाच्या चपला हुंगत शेपटी हलवत होती. डॉक्टरांकडे जाऊन मी काय सांगितलं? "फिट आली." त्यांनी शांतपणे विचारलं, "उठल्यावर काय केलं तिने?" मी सांगितलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. झडप गळत होती.

आकडीनंतर असं होत नाही. कुत्रा उठतो, पण आपला नसतो. भिंतीवर आदळतो, घरभर फेऱ्या मारतो, हाक मारली तर ओळख दिसत नाही, कधी काही वेळ त्याला डोळ्यांनी दिसतही नाही, मध्येच वखवखल्यासारखा खातो. हे काही मिनिटं चालतं, कधी कित्येक तास. शिवाय आकडी बरेचदा निवांत बसल्यावर किंवा झोपेत येते. भोवळ धावताना, खोकताना, आनंदाने उड्या मारताना. हा नियम शंभर टक्के नाही, पण पाय झाडण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

हिरड्याही बघा. भोवळीत त्या पांढुरक्या किंवा राखाडी दिसू शकतात. पण तुमच्या कुत्र्याच्या हिरड्या एरवी कशा दिसतात हेच माहीत नसेल तर त्या वेळी काय कळणार? आज ओठ वर करून बघून ठेवा. मात्र आकडी चालू असताना तोंडाजवळ हात नेऊ नका. जीभ घशात जाते ही अफवा आहे. बोटं दातांत जातात हे खरं आहे. जिन्यापासून, टेबलाच्या कोपऱ्यापासून त्याला बाजूला ओढा, पंखा लावा, घड्याळ बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. व्हिडिओ घेणाऱ्याला "तुला काळीज नाही" म्हणणारे नातेवाईक मला अजिबात आवडत नाहीत. डॉक्टरला त्या तीस सेकंदांतून जे कळतं ते आपल्या वर्णनातून कळत नाही.

आकडी ५ मिनिटांच्या वर गेली, किंवा २४ तासांत पुन्हा आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. भोवळीत कुत्रा हसतखेळत उठला म्हणून "झालं बरं" म्हणून सोडून देतात, ते तर त्याहून वाईट. पुढची भोवळ केव्हा येईल आणि त्यातून तो उठेल का, ते हृदयाची तपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय कळत नाही.

झोपेत पाय हलतात, बारीक भुंकतो? हाक मारा. जागा झाला तर स्वप्न होतं, विषय संपला. शेजारचे "पिसाळलाय" म्हणाले तर लसीचं कार्ड दाखवा.

आणि सोसायटीतल्या कुणाच्या लॅब्रेडॉरची उरलेली फिटची गोळी आणून देऊ नका. फेनोबार्बिटोन हे फिटचं औषध मनाने सुरू करायचं नाही, आणि ज्याला चालू आहे त्याचं एकाएकी बंदही करायचं नाही. तसं केलं तर त्यानेच आकडी येते. चिंगीला फिटच्या गोळीची गरजच नव्हती. तिच्या हृदयाच्या गोळ्या वेगळ्या, सकाळ-संध्याकाळ, पनीरच्या तुकड्यात दडवलेल्या. पनीर खाऊन गोळी थुंकते, ते निराळं.